लिफ्ट किट बसवली, गाडी उंच झाली. पण समोरच्या सस्पेन्शनचं काय?

इन्स्टाग्रामवर अशा रील्सना तोटा नाही. गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेली थार, काढून ठेवलेली चाकं, मागे दणकेबाज गाणं. लाल-पिवळ्या रंगाच्या नव्या स्प्रिंगा आत जातात, चाकं बसतात, गाडी खाली उतरते आणि आधीपेक्षा दोन इंच उंच दिसते. ३० सेकंदांत काम फत्ते. खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न : "भाई, खर्च किती आला?"

रीलमध्ये न दिसणारा भाग यानंतर सुरू होतो. चार दिवसांनी तीच गाडी हायवेवर ८० च्या पुढे गेली की डावीकडे ओढायला लागते. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. काही महिन्यांत नव्या कोऱ्या टायरची एक कड गुळगुळीत होते. रात्री समोरून येणारे गाडीवाले सारखे डिपर मारतात, आणि इकडे लाइट तर लो बीमवरच असतो.

मग मालक गॅरेजवाल्याला बोल लावतो आणि गॅरेजवाला किट बनवणाऱ्याला. बऱ्याचदा किटमध्ये काहीच खोट नसते. राहिलेलं असतं ते एकच काम : उंची बदलल्यावर समोरचं सस्पेन्शन नव्याने जुळवणं.

हे काम नेमकं काय असतं, कोणत्या क्रमाने करायचं आणि ते टाळलं तर काय होतं, हे सोप्या भाषेत समजून घ्या.

आधी बेसिक : लिफ्ट किट म्हणजे काय?

गाडी उंच करण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला बॉडी लिफ्ट. थार किंवा जिम्नीसारख्या गाड्यांत चासी वेगळी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी वेगळी असते. या दोन्हींच्या मध्ये ठोकळे टाकून फक्त बॉडी वर उचलली जाते. मोठे टायर बसायला जागा होते, पण चासीची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते. सस्पेन्शनला यात कोणी हात लावत नाही.

दुसरा सस्पेन्शन लिफ्ट. यात स्प्रिंग बदलतात किंवा स्प्रिंगच्या वर स्पेसर म्हणजे जाड चकती बसवतात. त्यामुळे चासीसकट सगळी गाडी चाकांपासून वर जाते. लोक 'लिफ्ट किट' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रकार अभिप्रेत असतो आणि जुळवाजुळवीचा प्रश्न येतो तो इथेच.

यातली एक गंमत अनेकांना माहीत नसते. समोर स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत शॉकअपच्या माथ्यावर एक इंच जाडीचा स्पेसर टाकला, तर गाडी एक इंच उचलली जात नाही. ती साधारण दीड ते दोन इंच उचलली जाते. कारण शॉकअपचं खालचं टोक चाकाजवळ नसतं, खालच्या आर्मच्या मधोमध कुठेतरी जोडलेलं असतं. तरफेसारखा प्रकार. मध्ये थोडं हललं की टोकाला जास्त हलतं. त्यामुळे 'दोन इंचाचा स्पेसर' आणि 'दोन इंचाची लिफ्ट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किट विकत घेताना हा प्रश्न स्पष्ट विचारायला हवा.

तुमच्या गाडीचं समोरचं सस्पेन्शन कोणतं?

सगळ्या फोर बाय फोर गाड्यांना एकच औषध चालत नाही. भारतात लोकप्रिय असलेल्या गाड्यांत समोर ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार, डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. नाशिकच्या कारखान्यात बनणारी, २०२० मध्ये आलेली नवी थार या प्रकारात मोडते. टोयोटाची फॉर्च्युनर आणि हायलक्स यांचंही समोरचं सस्पेन्शन असंच. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात आणि डावं-उजवं चाक एकमेकांपासून स्वतंत्र हलतं.

दुसरा प्रकार, टॉर्शन बार. २०१० मध्ये आलेल्या जुन्या थार सीआरडीईमध्ये समोर हाच होता. यात गोल स्प्रिंग नसते. पोलादाची एक लांब सळई पिळली जाते आणि तीच स्प्रिंगचं काम करते.

तिसरा प्रकार, सलग एक्सल. जिम्नीमध्ये समोरही एकसंध एक्सल आहे आणि त्यावर कॉइल स्प्रिंग आहेत. जुन्या जिप्सीत एक्सल तसाच, पण स्प्रिंगच्या जागी पाटे. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्या चाकाचा कलही बदलतो.

हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं, कारण उंची वाढल्यावर प्रत्येक प्रकारात बिघडणारी गोष्ट वेगळी असते.

कॅम्बर, कास्टर, टो : हे तीन शब्द कळले की अर्धं काम झालं

व्हील अलाइनमेंटच्या दुकानात स्क्रीनवर लाल-हिरवे आकडे दिसतात. ते मुख्यतः या तीन कोनांचे असतात.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं. माणूस पाय फेंगडे टाकून उभा राहिला तर टो बाहेर, चवडे आत वळवले तर टो आत.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक उभं आहे की झुकलेलं. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकला तर पॉझिटिव्ह, आत झुकला तर निगेटिव्ह.

कास्टर समजायला जरा अवघड, पण सगळ्यात महत्त्वाचा. सायकल बाजूने पाहा. हँडलपासून पुढच्या चाकाकडे जाणारा दांडा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. त्या कलामुळेच चालत्या सायकलचं हँडल स्वतःहून सरळ राहायला बघतं. गाडीतही चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष असाच थोडा मागे कललेला असतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः त्यामुळे.

आता उंची वाढल्यावर काय होतं ते पाहा.

डबल विशबोनमध्ये गाडी वर गेली की दोन्ही आर्म खाली झुकतात. वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असल्याने दोघांची टोकं सारखी सरकत नाहीत. बहुतेक गाड्यांत कॅम्बर पॉझिटिव्हकडे जातो, कास्टर कमी होतो आणि टो बदलतो. टो आत जाईल की बाहेर, हे त्या गाडीत स्टेअरिंगची रॅक कुठे आहे यावर ठरतं.

सलग एक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्याने कॅम्बर जवळजवळ तसाच राहतो. पण एक्सल धरून ठेवणारे आर्म वर्तुळात फिरतात, त्यामुळे एक्सल स्वतःभोवती थोडा वळतो आणि कास्टर घटतो. शिवाय एक्सल आडवा सरकू नये म्हणून असलेला तिरका दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, जास्त तिरका होतो आणि सगळा एक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढून घेतो. मागून पाहिलं तर एक टायर बॉडीच्या जास्त बाहेर दिसतो.

'थोडासा फरक' किती महागात पडतो?

एक साधं गणित. एका चाकाचा टो फक्त १ अंशाने चुकला, तर ते चाक पुढे जाताना सतत किंचित आडवं घासत जातं. किती? दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर.

मुंबई ते पुणे असा साधारण १५० किलोमीटरचा प्रवास धरला, तर तो टायर अडीच किलोमीटरहून जास्त अंतर आडवा घासलेला असतो. एका फेरीत. जाड नक्षीचे ऑफ-रोड टायर किती महाग असतात हे घेणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

हा झाला पैशांचा भाग. कास्टर कमी झाला तर प्रश्न जिवाचा होतो. गाडी हायवेवर तरंगल्यासारखी वाटते, सतत स्टेअरिंग दुरुस्त करत राहावं लागतं. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात एकामागून एक वळणं घेताना स्टेअरिंग परत आणण्याचं काम ड्रायव्हरच्या हातांवर येतं. पाऊस, धुकं आणि समोरून येणारी एसटी असताना ही अडचण छोटी राहत नाही.

जुळवणी कशी करायची? क्रम महत्त्वाचा

सर्वात मोठी चूक म्हणजे किट बसवली आणि गाडी थेट अलाइनमेंटच्या मशीनवर नेली. आधीच्या पायऱ्या गाळल्या तर अलाइनमेंटचे आकडे आज हिरवे दिसतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लाल होतील.

१. आधी सगळं वजन गाडीवर चढवा

लोखंडी बंपर, विंच, छतावरचं कॅरिअर, जे काही कायमचं बसवायचं आहे ते आधी बसवा. पुढे जड बंपर आणि विंच आली की नाक खाली बसतं आणि सगळे कोन पुन्हा बदलतात. स्प्रिंग निवडतानाही हेच वजन धरायचं असतं. रिकाम्या गाडीला जड वजनाची स्प्रिंग टाकली तर गाडी दगडासारखी आदळते, आणि उलट केलं तर लिफ्ट असून नसल्यासारखी होते.

२. उंची मोजा, पण जमिनीपासून नाही

गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरमध्ये ठरलेली हवा भरा. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचं सस्पेन्शन अडखळलेलं असतं, म्हणून गाडी थोडी पुढे-मागे चालवा आणि बंपरवर दाब देऊन दोन-चार वेळा हलवा. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली कमी-जास्त हवा माप बिघडवते.

डाव्या-उजव्यात फरक असेल तर तो इथेच काढायचा. उंची जुळवता येणाऱ्या कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंगखालची आटेदार रिंग फिरवून, टॉर्शन बारमध्ये समायोजनाचा बोल्ट फिरवून. दोन्ही बाबतींत त्या बाजूचं चाक आधी जॅकने उचलून भार कमी करायचा. भाराखाली आटे फिरवले तर आटेच खराब होतात.

टॉर्शन बारवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. बोल्ट चार आटे कसला की गाडी फुकटात उंच होते, म्हणून हा जुगाड फार लोकप्रिय आहे. पण त्याने चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. खड्डा आला की चाक खाली जाण्याऐवजी लगेच शेवटच्या टोकाला आदळतं. उंची मिळते आणि खडबडीत रस्त्यावरची पकड मात्र जाते.

३. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच कसा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते.

आर्म जिथे चासीला जोडलेला असतो तिथे रबरी बुश असतो. बहुतेक बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा हे रबर पिळलं जातं आणि परत येतं. आता गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबकळत आहेत आणि मेकॅनिकने त्याच अवस्थेत बोल्ट करकचून कसले. रबराला वाटतं हीच आपली मूळ जागा. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, ओल्या टॉवेलला पीळ देऊन तसाच ठेवावा तसं.

परिणाम दोन. बुश लवकर फाटतो. आणि पिळलेलं रबर गाडीला थोडं वर ढकलत राहतं, म्हणजे मोजलेली उंची खोटी असते. काही आठवड्यांनी रबर ढिलं पडतं, गाडी बसते आणि केलेली अलाइनमेंट वाया जाते.

उपाय सोपा आहे. जॅकवर असताना बोल्ट फक्त हाताने लावायचे. गाडी चाकांवर उभी राहिली की कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने कसायचे.

४. चाक पूर्ण खाली सोडून सगळ्या नळ्या-वायर तपासा

चाकं आता आधीपेक्षा जास्त खाली लोंबतात. म्हणून एकेक चाक हवेत लोंबकळत ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि पाहा :

ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का? एबीएस सेन्सरची वायर तंग होतेय का? टायर आर्मला किंवा मडगार्डच्या आतल्या भागाला घासतोय का? सीव्ही जॉइंटचं रबरी बूट चिमटतंय का?

सीव्ही जॉइंट म्हणजे इंजिनची ताकद वळलेल्या चाकापर्यंत पोहोचवणारा सांधा. लिफ्टमुळे त्याचा कोन वाढतो. बूट फाटलं की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. मग वळताना 'कट-कट' आवाज सुरू होतो आणि शेवटी सांधाच बदलावा लागतो. ब्रेकच्या पाइपबद्दल तर वेगळं सांगायलाच नको.

५. कास्टर आणि कॅम्बर आधी, टो शेवटी

आता गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर. कास्टर किंवा कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो. म्हणून टो सगळ्यात शेवटी, स्टेअरिंग सरळ धरून.

पण आपल्याकडच्या अनेक दुकानांत रोजच्या गाड्यांची फक्त टो जुळवली जाते, कारण लहान गाड्यांत बाकीचे कोन जुळवायची सोयच सहसा नसते. लिफ्ट केलेल्या गाडीला एवढ्यावर सोडलं तर गाडी सरळ चालेल, पण स्टेअरिंग हलकं आणि बेभरवशाचं राहील. दुकानात शिरतानाच 'कास्टर आणि कॅम्बरसुद्धा बघायचे आहेत' हे सांगावं आणि आधीचा व नंतरचा प्रिंट मागून घ्यावा.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या काही गाड्यांत खालच्या आर्मला कॅम बोल्ट असतात. ते फिरवले की आर्म आत-बाहेर सरकतो आणि दोन्ही कोन जुळवता येतात. त्यांची मर्यादा संपली की वेगळ्या मापाचे वरचे आर्म बसवावे लागतात. चांगल्या किटमध्ये ते सोबतच येतात. निव्वळ स्पेसर स्वस्त का असतो, याचं एक उत्तर इथे मिळतं.

जिम्नीसारख्या गाडीत कास्टर परत आणायला मधल्या छिद्राची जागा बदललेले खास बुश किंवा आर्मचे ब्रॅकेट वापरतात. एक्सल मध्यावर आणायला लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो. आणि स्टेअरिंग वाकडं दिसत असेल तर ड्रॅग लिंकची लांबी जुळवून ते सरळ करतात.

६. सेन्सर आणि हेडलाइट

ज्या गाड्यांत ईएसपी आहे, त्यात स्टेअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर असतो. अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगचा मध्य बदलला तर तो सेन्सर स्कॅनर लावून पुन्हा शून्यावर आणावा लागू शकतो. तसं केलं नाही तर गाडी सरळ जात असतानाही सिस्टिमला ती वळतेय असं वाटू शकतं. २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये एडास आहे. अशा गाड्यांत समोरच्या कॅमेऱ्याची उंची बदलल्याचाही विचार करावा लागतो. हे काम अंदाजाने होत नाही.

हेडलाइट मात्र भिंतीसमोर गाडी उभी करून कोणीही खाली आणू शकतं. नाक वर गेलं की प्रकाशही वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. दोन मिनिटांचं काम, पण सगळ्यात जास्त विसरलं जाणारं.

७. ५०० ते १००० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा

नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, बोल्ट आपली जागा घेतात. म्हणून एवढं चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे, उंची मोजायची आणि अलाइनमेंट पुन्हा बघायची. एखादी जबरदस्त ऑफ-रोड ट्रिप झाली असेल तर तिच्यानंतरही.

काय घरी करायचं, काय नाही?

उंची मोजणं, पाइप-वायर तपासणं, हेडलाइट खाली करणं, टायरची झीज पाहणं, हे घरी जमण्यासारखं आहे.

दाबलेली कॉइल स्प्रिंग सोडवणं मात्र घरच्या अंगणात करण्याचं काम नाही. त्या स्प्रिंगमध्ये प्रचंड ताकद साठलेली असते. स्प्रिंग दाबायचं हत्यार निसटलं तर हात मोडण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. यूट्यूब बघून हे करू नये. आणि गाडी फक्त जॅकवर असताना खाली शिरू नये, चासीखाली भक्कम स्टँड हवेतच.

गाडी स्वतः काय सांगते?

जुळवणी बिघडली आहे का, हे मशीनशिवायही बऱ्यापैकी ओळखता येतं.

टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजतेय : कॅम्बर तपासा.

टायरवर आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागतंय : टो तपासा.

वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही, गाडी हायवेवर भरकटते : कास्टर कमी पडतोय.

गाडी एकाच बाजूला ओढते : आधी टायरची हवा बघा, मग डाव्या-उजव्या कोनांतला फरक.

सलग एक्सलच्या गाडीत एखाद्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग थडथड हलायला लागलं आणि थांबेचना : एक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट धरा, जोरात ब्रेक न मारता वेग कमी करा. नंतर बुश, सांधे, टायरचं बॅलन्सिंग आणि कास्टर तपासल्याशिवाय गाडी हायवेवर नेऊ नका.

सगळं नीट केलं तरी उरणारी किंमत

जुळवणी परफेक्ट झाली तरी भौतिकशास्त्र बदलत नाही. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो.

गाडी उलटण्याचा धोका मोजायला अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए एक साधं गुणोत्तर वापरते : डाव्या-उजव्या चाकांमधलं निम्मं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. समजा चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. आकडा येतो १.०७. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की तो १.०० होतो. कागदावर फरक लहान वाटतो. घाटात अचानक समोर म्हैस आली आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवलं, की तोच फरक मोठा होतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली आणि आरसीवर नोंदलेली माहिती बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये आहे. अपघात झाला तर न कळवलेल्या फेरफारावरून विमा कंपनी क्लेमवर प्रश्न उभे करू शकते, हे वेगळंच. 'सगळेच करतात' हे उत्तर क्लेम फॉर्ममध्ये लिहिता येत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडे विचारणा करणं शहाणपणाचं.

मग लिफ्ट किट लागतेच का?

प्रत्येकाला नाही. थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीतूनच २२६ मिलिमीटर आहे, जिम्नीचा २१० मिलिमीटर. सह्याद्रीतल्या गावरस्त्यांना आणि वीकेंडच्या कच्च्या वाटांना एवढी उंची बहुतेक वेळा पुरते. तिथे गाडी अडते ती जास्त करून चुकीच्या टायरमुळे, टायरमधली हवा कमी न केल्यामुळे किंवा चाक कुठे ठेवायचं याचा अंदाज नसल्यामुळे.

अजून एक गोष्ट. जिम्नीसारख्या सलग एक्सलच्या गाडीत स्प्रिंग कितीही उंच टाकली, तरी एक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शिअलचा गोळा तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. म्हणजे दगडावर नेमका जो भाग आदळतो, त्याची उंची सस्पेन्शन लिफ्टने वाढतच नाही. वाढते ती पोटाखालची जागा आणि मोठ्या टायरसाठीची जागा.

ज्यांना ती जागा खरंच लागते, म्हणजे पावसाळ्यात गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणारे किंवा नियमित अवघड ट्रॅकवर जाणारे, त्यांच्यासाठी लिफ्ट उपयोगाचीच आहे. पण असे लोक किटच्या बजेटमध्येच आर्म, बुश आणि दोन वेळच्या अलाइनमेंटचा खर्च धरतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणाची उंच झालेली थार दिसली, तर खर्च किती आला हे जरूर विचारा. त्यासोबत अजून एक प्रश्न विचारा : 'अलाइनमेंटचा प्रिंट आहे का?' तो प्रिंट निघाला आणि त्यावर कास्टरचा आकडा दिसला, तर गाडी बनवणाऱ्याने काम पूर्ण केलंय असं समजा. प्रिंट नसेल, तर त्या गाडीतून घाट उतरायला बसण्याआधी जरा थांबलेलं बरं.